सीआरएनएला निघण्याआधी बोनसचा करार वाचा

सीआरएनए, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी खास प्रशिक्षित नर्स, व्हायचं म्हणून अमेरिकेत आयसीयूत काम करणाऱ्या मराठी नर्सेसचे फोन मला हल्ली बरेच येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती आयसीयू चांगली? मग जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, किती लागतो? पैशाचं कोणी फारसं विचारत नाही, आणि विचारलंच तर ‘लोन मिळतं ना?’ एवढंच. म्हणून आधी पैशाचंच बोलते.

लोन मिळतं, पण आता पूर्वीसारखं नाही. मी प्रवेश घेतला तेव्हा ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं. शाळेने धरलेल्या एकूण खर्चापर्यंत, म्हणजे फी, घरभाडं, किराणा सगळं मिळून, ते उचलता यायचं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद केलं. पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारकडून आता वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० डॉलर, बस. डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा ‘व्यावसायिक’ पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० ची मुभा आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीने जो मसुदा ठरवला, त्यात नर्सिंगला त्या यादीत जागा नाही. रात्री-अपरात्री माणसाचा श्वास हातात घेणारं हे काम, त्यासाठी तीन वर्षं डॉक्टरेट करायची आणि ती व्यावसायिक पदवी नाही म्हणायचं, याचा मला राग येतो. तुम्ही मात्र हिशोब २०,५०० धरूनच करा.

तो हिशोब असा. जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, दोन-अडीच वर्षांची जुनी मास्टर्स आता नाही. कमीत कमी ३६ महिने, पूर्णवेळ. फी शाळेप्रमाणे बदलते, बऱ्याच ठिकाणी एक लाख डॉलरच्या आसपास असते आणि काही ठिकाणी दोन लाखांच्या वरही जाते. क्लिनिकल, अभ्यास, क्लास सगळं धरून आठवड्याला सरासरी ६४ तासांपर्यंत वेळ घ्यायची शाळांना परवानगी आहे. त्यामुळे ‘वीकेंडला दोन शिफ्ट मारीन’ हे डोक्यातून काढून टाका. पहिल्या सेमिस्टरला काही जणी करतात, ओटीत उभं राहायला लागलं की कोणाला जमत नाही आणि बऱ्याच शाळा ते लेखी मनाई करतात. म्हणजे फीपेक्षा मोठा खर्च हा तीन वर्षांच्या बुडालेल्या पगाराचा आहे. तो कोणी कागदावर मांडत नाही.

ज्या एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहेत आणि ईएडीवर (काम करण्याच्या परवान्यावर) नोकरी करतात, त्यांना सरकारी कर्ज मुळीच मिळत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. खासगी बँक देईल, पण सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीनदार मागते. ग्रीन कार्डासाठी भारतीयांच्या रांगेत बसलेल्या नवऱ्याच्या सहीवर काम भागत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

आता ज्या गोष्टीने मला अडकवलं तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती एकाही माहितीसत्रात कोणी सांगत नाही: साइन-ऑन बोनस, म्हणजे नोकरी धरताना मिळणारी रक्कम.

आयसीयूत जागा भरायच्या म्हणून हॉस्पिटल दहा-पंधरा-वीस हजार डॉलर देऊ करतं, बदल्यात दोन वर्षं राहायचा करार. आपल्याला आयसीयूचा अनुभव हवाच असतो, म्हणून ते फुकटचे पैसे वाटतात. मला रिक्रूटरने फोनवर सांगितलं होतं की लवकर सोडलंत तर राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच परत करायचं. करारात दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. एक, दोन वर्षं रुजू झाल्याच्या तारखेपासून नाही तर ओरिएंटेशन संपल्याच्या तारखेपासून मोजायची होती. मी जुलैत रुजू झाले, ओरिएंटेशन ऑक्टोबरात संपलं, शाळा सुरू होणार होती ऑगस्टात. माझ्या मोजणीने दोन वर्षं पूर्ण, त्यांच्या मोजणीने दोन महिने कमी. दुसरी, ‘प्रमाणात’ हा शब्द करारात कुठेच नव्हता. दोन महिने कमी पडले तरी पूर्ण रक्कम परत. आणि फोनवरचं बोलणं एचआरच्या टेबलावर कोणी मोजत नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणींना अंदाज असतो. पुढचं नीट वाचा. बोनस १५,००० डॉलरचा होता. त्यातून २२ टक्के फेडरल कर कापला, ३,३००. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणीचं पेन्शन आणि आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के, १,१४७.५०. मी टेक्सासमध्ये होते, तिथे राज्याचा आयकर नाही, तरी हातात आले १०,५५२.५०. परत मागितले पूर्ण १५,०००. ज्या वर्षी बोनस मिळाला त्याच वर्षी परत केला असता, तर हॉस्पिटलने करासकट हिशोब फिरवून हातात आलेलीच रक्कम घेतली असती. पण वर्ष बदललं की ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीची पूर्ण, रक्कम द्यावी लागते, कारण तुमचा आयकर हॉस्पिटलकडे नाही, सरकारकडे गेलेला असतो. शेवटच्या पगारातून आणि साठलेल्या सुट्टीच्या पैशांतून त्यांनी कापून घेतलं, उरलेल्याचं बिल घरी आलं. पहिल्या सेमिस्टरची फी आणि ते बिल एकाच महिन्यात.

तो पैसा पूर्ण बुडत नाही, आणि हेसुद्धा मला कोणी सांगितलं नव्हतं. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा भाग हॉस्पिटलमार्फत परत मिळतो. त्यासाठी तुम्ही लेखी संमती द्यायची आणि त्यांच्याकडून दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) मागून घ्यायचा. मागितल्याशिवाय देत नाहीत. आयकराचा भाग कर-कायद्याच्या कलम १३४१ खाली परत मिळतो, पण परत केलेली रक्कम ३,००० डॉलरच्या वर असेल तरच. ज्या वर्षी बोनसवर कर भरला, त्या वर्षीच्या दराने तो मोजता येतो. ही आपल्यासाठी फार कामाची गोष्ट, कारण परतफेडीच्या वर्षी आपण विद्यार्थी असतो आणि उत्पन्न खाली आलेलं असतं. रिटर्न भरणाऱ्याला कलमाचा आकडा सांगा, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. फक्त हे पैसे रिटर्न भरल्यावर, म्हणजे पुढच्या वसंतात येतात. मधले महिने तुमचे तुम्हाला काढायचे असतात.

म्हणून सही करताना चार गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या: मुदत कोणत्या तारखेपासून, परतफेड प्रमाणात की पूर्ण, ढोबळ रकमेची की हातात आलेल्या रकमेची, आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे नव्या नर्सेसना दिल्या जाणाऱ्या, प्रशिक्षणाचा खर्च वेगळा लावलाय का. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून केलेल्या करारांना कायद्याने लगाम घातला आहे: मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, परतफेड प्रमाणातच, व्याज नाही, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवायला पाच कामकाजाचे दिवस. तुमच्या राज्यात असं काही नसेल, तर मी म्हणेन बोनस सोडून द्या आणि तासाचा दर थोडा वाढवून मागा. तो परत द्यावा लागत नाही.

हॉस्पिटलच्या शिक्षण-मदतीचंही तसंच. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत ती करमुक्त असते, आणि बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स असे विषय नोकरीत असताना त्यातून उरकावेत. पण तिलाही ‘त्यानंतर वर्षभर राहा’ असं शेपूट बहुतेक ठिकाणी असतं.

बाकी तयारीबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही करालच. एक वर्ष पूर्णवेळ क्रिटिकल केअर हा किमान नियम. प्रत्यक्षात घेतल्या जाणाऱ्यांकडे जास्त असतं. इमर्जन्सी किंवा रिकव्हरीतला (ऑपरेशननंतरच्या खोलीतला) अनुभव बऱ्याच शाळा धरत नाहीत. युनिटचं नाव कितीही मोठं असो, तुमच्या हातात व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली नळी) आणि चालू-बंद होणारी व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारी औषधं) किती वेळा येतात ते बघा. इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं की नॉरएपिनेफ्रिन, म्हणजे असंच एक औषध, वाढवूनही प्रेशर येत नाही, पुढे काय आणि का. त्या ‘का’वर दहा मिनिटं गेली. सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सेसची प्रमाणपत्र परीक्षा, द्या. त्यासाठी दोन वर्षांत १,७५० तास, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले.

महाराष्ट्रातून शिकून आलेल्यांनी ट्रान्सक्रिप्टचं काम सगळ्यात आधी सुरू करावं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून कागद मागवायला नाशिकला जाणारं घरचं कोणीतरी लागतं, आणि आपल्या टक्क्यांचं जीपीएत रूपांतर प्रत्येक संस्था वेगळं करते. शाळा कोणत्या संस्थेचं मानते ते विचारूनच पैसे भरा. आपल्याकडच्या बासष्ट टक्क्यांची किंमत इथे समजावत बसण्यापेक्षा, एखाद्या अमेरिकन विद्यापीठात पदव्युत्तर फार्माकॉलॉजी किंवा पॅथोफिजिऑलॉजी घ्या आणि ‘ए’ आणा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असाल तर आधी बीएसएन (नर्सिंगची पदवी); वेळ लागेल, पण दार बंद नाही. माझ्या वर्गात चाळिशी ओलांडलेल्या आहेत.

पैसे घेऊन ‘मेंटरशिप’ विकणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. हजार-दोन हजार डॉलर घेऊन ते मॉक इंटरव्ह्यू देतात आणि निबंध गुळगुळीत करून देतात. त्या निबंधांचा आवाज सगळ्यांचा सारखाच येतो, आणि निवड समितीला तो ओळखता येतो. तुमच्या हॉस्पिटलच्या ओटीत सकाळी साडेसहाला जा, सीआरएनएला विचारा की आज तुमच्यामागे उभी राहू का. बहुतेक जण हो म्हणतात. मला ज्यांनी शिकवलं त्या बाईंनी एक पैसा घेतला नाही. फक्त अट घातली की इंडक्शनच्या, म्हणजे भूल चढवण्याच्या, आधी मी पेशंटच्या प्रत्येक औषधाचं कारण त्यांना सांगायचं.

फी टाळायचा एकच खरा मार्ग मला माहीत आहे: सैन्य. सॅन अँटोनिओच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनचा आर्मीचा कार्यक्रम फी घेत नाही, अधिकाऱ्याचा पगारही देतो. पण नागरिकत्व लागतं आणि नंतर सेवेची काही वर्षं द्यावी लागतात. ज्यांना तसं आयुष्य हवंय त्यांनी जरूर बघावं. ‘नंतर दहा वर्षांनी कर्जमाफी होईल’ या भरवशावर मात्र खासगी कर्ज काढू नका. ती माफी फक्त सरकारी कर्जाला आहे, १२० हप्ते भरल्यावर, आणि नोकरी सरकारी किंवा ना-नफा संस्थेची हवी. अनेक ठिकाणी सीआरएनएचा पगार हॉस्पिटल देत नाही, खासगी अॅनेस्थेशिया ग्रुप देतो, आणि तो यात बसत नाही.

पगार दोन लाखांच्या वर आहे, हे खरं. त्यामुळे नीट आखलेलं कर्ज फिटतं. मी घाबरले होते, अजून महिनाअखेर बँकेचं खातं उघडताना पोटात गोळा येतो, तरी मी पुन्हा हेच करीन. फक्त गावी दर महिन्याला जाणारे पैसे तीन वर्षं किती कमी होणार, हे आई-वडिलांना अर्ज करायच्या आधी सांगा, आकड्यासकट. मी सांगितलं तेव्हा वडिलांनी वहीत आकडा लिहून घेतला आणि विचारलं, ‘मग औषधांचे आम्ही बघतो, तुझ्या विम्याचं काय?’ त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नोकरी गेली की विमाही जातो. कोब्रा, म्हणजे जुन्या नोकरीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं, महाग पडतं, शाळेचा विमा असेल तर त्यात मुलं बसतात का ते बघावं लागतं, आणि ग्रीन कार्ड पाच वर्षांपेक्षा नवं असेल तर बहुतेक प्रौढांना मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, मिळत नाही. राजीनाम्याची तारीख महिन्याच्या एक-दोन तारखेला ठेवा. बऱ्याच ठिकाणी विमा त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतो, पण तुमच्या एचआरला विचारूनच ठरवा.