करडांच्या हंगामाआधी: कायोटी, कुंपण आणि रायफलीची निवड

जानेवारी लागला की टेक्ससच्या माळावर रात्रीची कोल्हेकुई वाढते. कायोटी म्हणजे इकडचा, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला प्राणी. त्यांचा जोड्या जमवायचा हा काळ मार्चपर्यंत चालतो. त्यानंतर साठ-बासष्ट दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास पिल्लं होतात आणि त्यांना भरवायला नर-मादी दोघंही शिकारीला बाहेर पडतात. नेमक्या त्याच वेळी आपल्या शेळ्या व्यायलेल्या असतात आणि माळावर पळता न येणारी करडं असतात. म्हणून जी काही तयारी करायची ती आत्ता, पहिली शेळी व्यायच्या आत.

शहराबाहेर पंधरा-वीस एकर घेऊन शेळ्या पाळणारी चार मराठी घरं माझ्या ओळखीत आहेत. दर वर्षी या दिवसांत त्यांच्याकडून एकच प्रश्न येतो: "रायफल कुठली घेऊ?" उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेकांना .२२३ रेमिंग्टन काडतुसाची (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचांत) साधी बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळी हाताने भरायची रायफल आणि तीन ते नऊ पटीची दुर्बीण पुरते. पण विकत घेण्याआधी पुढचं वाचा, कारण रायफल ठरते ती कायोटीवरून कमी आणि कुंपणापलीकडे काय आहे त्यावरून जास्त.

एक खुलासा, कारण हे तिकडच्या भावकीतही फिरेल. हा सल्ला अमेरिकेपुरताच आहे. महाराष्ट्रात कोल्हा आणि लांडगा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे शेळी गेली तर वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यायचा. बंदुकीचा विचारही नको.

आधी चोर कोण ते बघा

करडू मेलेलं सापडलं की लोक डोळे मिटून कायोटीचं नाव घेतात. अर्ध्या वेळा तो शेजाऱ्याचा मोकाट कुत्रा निघतो, नाहीतर करडू आधीच मेलेलं असतं आणि कायोटी नंतर आलेला असतो. मानेवरची कातडी सोलून बघा. कायोटी गळ्याला, जबड्याच्या मागे धरतो. कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलेला आहे. रक्त साकळलेलं नसेल, तर मेलेल्यावर फक्त खाल्लंय. कुत्र्याचं काम गचाळ असतं: कान फाडलेले, मागचे पाय, शेपूट, पोट जागोजागी चावलेलं, आणि एकाच रात्री पाच-सहा जनावरं जखमी करून एकही धड न खाल्लेलं.

दुसरी गोष्ट पचायला जड जाते. दिसेल तो कायोटी मारून नुकसान थांबत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉपलँड संशोधन केंद्रावर मेंढ्यांच्या कळपांभोवतीच्या कायोटींचा बरीच वर्षं अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की मेंढ्या मारणारी असते ती मुख्यतः त्या हद्दीवर ताबा असलेली, पिल्लंवाली जोडी. भटके, तरुण कायोटी बरेचसे उंदीर-सशांवर जगतात. आणि तुमच्या रानावरची जोडी शेळ्यांच्या वाटेला न जाणारी असेल, तर ती इतर कायोटींना तिथे शिरू देत नाही. तिलाच मारलंत तर जागा रिकामी होते आणि पुढे येणारी जोडी कशी निघेल ते सांगता येत नाही. म्हणून रायफल त्या एका जनावरासाठी, ज्याने तुमच्या गोठ्याची चटक लावून घेतली आहे.

बाकीचं काम कुंपण आणि कुत्रा करतात. शेळीची वार आणि मेलेली करडं त्याच दिवशी पुरा किंवा उचलून न्या, उघड्यावरची वार म्हणजे आमंत्रण. रात्री कळप कोंडा. विजेच्या झटक्याची जाळी इथे सहज मिळते. आपल्या धनगरांची वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) पाहिलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको, फक्त हिच्यात करंट असतो. ग्रेट पिरनीज किंवा ॲनाटोलियन शेफर्ड जातीचं पिल्लू आत्ता आणाल तर या हंगामाला उपयोगी पडणार नाही, त्याला मोठं व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. तरी आणा.

आता रायफल

टेक्ससकडचा कायोटी दहा-पंधरा किलोचा असतो, ईशान्येकडच्या राज्यांतला वीसच्या वरही जातो. हिवाळ्यातल्या केसांमुळे दिसतो मोठा, पण गोळी जिथे बसायला हवी ती छातीची जागा जेमतेम चार-पाच इंचांची असते. म्हणजे ताकदीपेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा. जखमी कायोटी झाडीत गेला तर हाल होऊन मरतो, आणि तुम्हाला सापडतही नाही.

कोंबड्यांच्या राखणीसाठी घेतलेली .२२ लाँग रायफल घरात असेल तर ती या कामाला नको, गोळी फार हलकी पडते. .१७ एचएमआर शंभर यार्डांच्या आत, वारा नसताना चालते. पण तिची सतरा ग्रेनची (जेमतेम ग्रॅमभर वजनाची) गोळी म्हणजे पाचोळाच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला शंभर यार्डांवरच चारेक इंच ढकलतो, आणि टेक्ससमध्ये वारा नसलेला दिवस कधी असतो?

.२२३ इथे बसते. पंचावन्न ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास वेगाने निघते. रायफल २०० यार्डांवर शून्य केली, म्हणजे दुर्बिणीचा नेम त्या अंतरावर जुळवला, तर गोळी १०० यार्डांवर दीडेक इंच वर आणि ३०० वर सहा-सात इंच खाली लागते. म्हणजे २०० यार्डांपर्यंत छातीवर धरा आणि चाप ओढा, आकडेमोड नाही. धक्का इतका कमी की घरातलं कुणीही सराव करू शकतं. काडतुसं प्रत्येक दुकानात मिळतात आणि या वर्गात सगळ्यांत स्वस्त, त्यामुळे सराव खरोखर होतो. महागडं काडतूस घेतलेला माणूस वर्षाला वीस गोळ्या झाडतो आणि नेम चुकला की रायफलीला दोष देतो.

.२२-२५० हीच गोळी सेकंदाला ४०० फूट जास्त वेगाने फेकते. पश्चिम टेक्सस, वायोमिंगसारख्या उघड्या मुलखात, जिथे ३०० यार्डांच्या पुढे नेम धरायचा असतो, तिथे तिचं मोल आहे. मी पहिली रायफल हीच घेतली होती. दुकानदार म्हणाला, कायोटीसाठी याहून चांगली नाही, आणि त्याच्या हिशेबात तो बरोबरही होता. पण माझ्या रानाची सर्वांत लांब मोकळी रेघ १४० यार्डांची, आणि तिच्या टोकाला शेजाऱ्याचे घोडे. दोन वर्षांत जेमतेम एकदा झाडली, मग विकली.

.२४३ विंचेस्टर जड पडते, पण हरणाची शिकारही करायची असेल आणि रायफल एकच परवडत असेल तर तीच घ्या. कायोटीसाठी ५८ ते ७५ ग्रेनच्या गोळ्या, हरणासाठी १०० ग्रेनच्या. वाऱ्यात तिची जड गोळी .२२३ पेक्षा कमी सरकते. .३०८ वगैरेच्या भानगडीत या कामासाठी पडू नका. आणि जमीन दाट झाडीची असेल, जनावर चाळीस यार्डांच्या आतच दिसत असेल, तर रायफल नकोच. बारा बोअरची शॉटगन आणि बकशॉट (मोठे छर्रे) जास्त कामाची.

दुकानात नळीवरचा शिक्का वाचा. ".२२३" लिहिलं असेल तर त्यात ५.५६ नाटोची काडतुसं घालायची नाहीत. दिसायला सारखी, पण दाब जास्त. उलट, ५.५६ च्या नळीत .२२३ चालतं. नळीच्या आतल्या आट्यांचा वेगही विचारा: बारा इंचांत एक फेरा असेल तर पंचावन्न ग्रेनपर्यंतच्या गोळ्या नीट जातात, नऊ किंवा आठ इंचांचा असेल तर जडही. गोळी पातळ आवरणाची, प्लास्टिकच्या टोकाची घ्या. ती जनावरात फुटते आणि दगडावर आपटली तरी बहुधा तुकडे होऊन जाते. संपूर्ण धातूच्या आवरणाची, लष्करी पद्धतीची गोळी आरपार निघून पुढे जाते, ती या कामाला आणू नका. कॅलिफोर्नियात असाल तर १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांवर शिशाची गोळी चालवायला बंदी आहे, तिथे तांब्याची घ्यावी लागते.

एआर पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल घ्यावी का? टेक्ससमध्ये कायद्याने चालते, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कमध्ये नियम कडक आहेत. माझं मत, पहिल्या रायफलीला बोल्ट बरी. दुसरी गोळी हाताने भरावी लागते हे माहीत असलं की माणूस पहिली नीट झाडतो.

कागदपत्रं

इथे आपल्या लोकांची सर्वांत जास्त गफलत होते. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात फॉर्म ४४७३ भरून, तपासणी होऊन रायफल घेता येते. एच-१बी (नोकरीचा) किंवा एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना.

आता गंमत बघा. टेक्ससचा नियम सांगतो की जनावरांवर हल्ला करणारा, करायच्या बेतात असलेला किंवा नुकताच करून गेलेला कायोटी मारायला शिकार परवाना लागत नाही. हे वाचून एच-१बीवाला परवाना काढत नाही, आणि कायोटीच्या नव्हे, बंदुकीच्या कायद्यात अडकतो. शिवाय टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. सप्टेंबरात नवा काढायला विसरलात तर कपाटातली तीच रायफल बेकायदा. आणि बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. टेक्ससमध्ये शिकार करायला २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो तसाही करा. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे व्हिसा असेल तर बंदुकीच्या तिजोरीची किल्ली कुणाकडे राहते हे वकिलाला विचारून ठरवा. पोरं घरात असतील तर किल्ली लपवायची, काडतुसं वेगळी.

जमिनीचंही बघा. शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतीत प्लॉट दहा एकर किंवा लहान असतील तर काउंटी गोळी झाडायला बंदी घालू शकते. आणि गोळीने तुमची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत जाणं हा टेक्ससमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. इतर राज्यांत हंगामाच्या तारखा, रात्रीची शिकार, शरीराची उष्णता टिपणारी दुर्बीण, कायोटीला बोलावणारं आवाजाचं यंत्र या सगळ्याचे नियम वेगळे. राज्याच्या वन्यजीव खात्याचं या वर्षीचं पुस्तक बघा, गेल्या वर्षीचं नाही.

प्रत्यक्ष रानात

रायफल घ्यायच्या आधी एक संध्याकाळ रानात हिंडून प्रत्येक दिशेला गोळीच्या मागे काय आहे ते टिपा. मातीचा बांध, तळ्याची भिंत, उतार असेल तिकडेच नेम धरायचा. साध्या .२२ च्या काडतुसांच्या डब्यावरसुद्धा गोळी दीड मैल जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो. गेल्या फेब्रुवारीत माझ्या गोठ्याची चटक लागलेला कायोटी टेकाडाच्या माथ्यावर अगदी निवांत उभा राहिला, ११० यार्डांवर. मागे नुसतं आभाळ, आणि आभाळाखाली शाळेच्या बसचा रस्ता. रायफल खाली ठेवली. चार दिवसांनी तो उतारावर आला.

आवाज काढून बोलावल्यावर कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून वास घेत येतो. म्हणून तोंडावर वारा घेऊन बसा आणि वाऱ्याखालची बाजू नजरेत ठेवा. कानाला संरक्षण लावा, रायफलीचा एकच आवाज कायमचा बहिरेपणा देऊ शकतो. काडतुसांची कंपनी किंवा गोळीचं वजन बदललं की रायफल पुन्हा शून्य करा.

मेलेल्या कायोटीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका, कुत्र्यांना चाटू देऊ नका. दक्षिण टेक्ससमध्ये कायोटींमधला रेबीज आटोक्यात आणायला १९९५ पासून विमानातून लसीची आमिषं टाकतात, तीही जानेवारीतच. रानात अशी पुडी सापडली तर ती कुत्र्याला मुद्दाम भरवू नका आणि पोरांना हात लावू देऊ नका. फुटलेली असेल आणि हाताला लागली तर साबणाने धुऊन तिच्यावरच्या नंबरावर फोन करा.