घरच्या जुन्या पीसीवर गाडीच्या इंजिनाचे कोड कसे वाचाल

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की ‘बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा, जातो’ असं सांगणारे हमखास भेटतात. ऐकू नका. बऱ्याच गाड्यांत दिव्यासोबत ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, नोंदलेला बिघाडाचा कोडही पुसला जातो, आणि तो पडला तेव्हाचं इंजिनाचं तापमान, आरपीएम हेही जातं. दुरुस्ती करायची ती त्याच नोंदीवरून.

विंडोज एक्सपीवरचा जुना पीसी या कामाला पुरतो. टेबल पोर्चजवळ ओढा, कारण साधी यूएसबी केबल पाच मीटरपुढे भरवशाची नसते. ईएलएम ३२७ ही गाडी आणि पीसीमध्ये दुभाष्याचं काम करणारी चिप. तिची यूएसबी केबल घ्या आणि केबलचा ड्रायव्हर टाका. भारतात बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवून सांगणारी यंत्रणा, बंधनकारक झाली २०१३ पासून. त्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडेल. केबल लावा, चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा.

खरी अडचण पुढे येते. सॉफ्टवेअर नुसतं ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतं आणि माणूस गाडीलाच दोष देतो. मी दोन रविवार सॉकेटच्या पिना घासण्यात घालवले. गाडी ठीक होती, चूक पीसीत होती. इथे दोन वेगळी संभाषणं चालतात, पीसी आणि केबलचं एक, केबल आणि गाडीचं दुसरं. पहिलं जमल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलला कोणता कॉम पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून केबलशी बोलतं ते क्रमांकाचं दार, मिळालाय ते बघा. विंडोज कधी कॉम १२ देऊन मोकळं होतं, आणि जुनी सॉफ्टवेअर्स कॉम ४च्या पुढे बघतच नाहीत. पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन तो कॉम ३ किंवा ४ करा. मग हायपरटर्मिनल हा एक्सपीतलाच पोर्टवर हुकूम टाइप करायचा प्रोग्रॅम उघडा, तोच कॉम पोर्ट निवडा, वेग ३८४०० ठेवा आणि इंग्रजी अक्षरांत एटीझेड (केबल रीसेट करायचा हुकूम) टाइप करून एंटर मारा. ईएलएम ३२७ हे नाव उमटलं की पहिलं संभाषण जमलं. कचरा अक्षरं आली किंवा काहीच आलं नाही, तर ९६०० आणि ११५२०० करून बघा. आता व्होल्टेज विचारणारा एटीआरव्ही टाका. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला म्हणजे सॉकेटला वीज आहे. नसेल तर आधी फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरशी सामाईक असतो.

त्यानंतर एटीएसपी० टाका, म्हणजे गाडीची भाषा केबल आपोआप ओळखेल. मग ०१०० टाकून गाडीला पहिला प्रश्न विचारा. उत्तर ४१ ००ने सुरू झालं की गाडी बोलू लागली.

०३ टाकून कोड मागा. गाडीतलं बोलणं के-लाइन किंवा कॅन या पद्धतींनी चालतं. के-लाइनवरच्या गाडीत ४३ ०१ ३३ असं आलं तर कोड पी०१३३. कॅन असलेल्या गाडीत ४३नंतर आधी कोडांची संख्या येते, म्हणजे ४३ ०१ ०१ ३३. ही संख्या कोडात धरली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

कोड वहीत लिहा. पी०१३३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर मंद प्रतिसाद देतोय, पण म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. सायलेन्सरच्या पाइपची गळतीही हाच कोड पाडते. सेन्सरच्या पुढेमागे काजळीचे काळे डाग दिसतात का ते आधी बघा. काम झाल्यावरच ०४ टाकून कोड पुसा आणि गाडी चार दिवस नेहमीसारखी चालवा. दिवा परत लागला, तर ०३ पुन्हा.