नोकरी सांभाळून डोंगर चढणाऱ्यांनो, या चुका टाळा

आपल्याकडची डोंगरवेडी माणसं बहुतेक नोकरदार. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी महापालिकेत, बरेचसे आयटीत. शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडायची किंवा शनिवारी स्वारगेटहून वेल्ह्याची पहिली एसटी गाठायची, आणि सोमवारी नऊ वाजता पुन्हा खुर्चीत. जुलैत मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे चक्कर मारली की अशी माणसं शेकड्याने भेटतात. घर, रजा, पगार, मित्र, सगळ्याची घडी यांनी डोंगराभोवती बसवलेली असते.

जीन्स घालून हरिहर गडाला येणाऱ्या नवख्यांना सल्ले देणारे पुष्कळ आहेत. हे लिखाण त्यांच्यासाठी नाही. वर्षानुवर्षं जाणारे लोकही चुकतात आणि त्यांच्या चुका बघितल्या की एक गोष्ट सारखी दिसते: रविवार संपत आलेला असतो. डोंगराचं वेळापत्रक एक, सुट्टीचं दुसरं, आणि ओढाताण झाली की आपण सुट्टीचं ऐकतो.

परतीची वेळ ठरवलेली नसते

निघायची वेळ ग्रुपवर तीन-तीनदा टाकली जाते. मागे कधी फिरायचं, ते कोणीच लिहीत नाही. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड धरा. चालणारे बरे असतील तरी वर मंदिरापर्यंत चार-पाच तास लागतात. चहा-पोहे, गाडी लावणं, कोणाचा तरी विसरलेला टिफिन, असं करत दहाला चढाई सुरू झाली की तीन वाजलेच. मग कोकणकडा बघायचा, फोटो काढायचे. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत पंधरा-वीस मिनिटांत काही दिसेनासं होतं. म्हणजे खिंडीच्या वरचे कातळटप्पे नेमके अंधारात उतरायचे.

उपाय साधा आहे, पण निघण्याआधी, सगळ्यांसमोर ठरवावा लागतो: अमुक वाजता जिथे असू तिथून मागे. माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे. एका दिवसाच्या ट्रेकलाही प्रत्येकाच्या सॅकमध्ये डोक्याला लावायची बॅटरी हवी, चाचणी केलेली आणि जास्तीच्या सेलसकट. मोबाईलचा टॉर्च धरायला एक हात जातो आणि कातळावर नेमका तोच हात लागतो. शिवाय फोनची बॅटरीही जाते.

तरीही अंधार पडलाच, तर एकमेकांना सोडू नका. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा आणि जवळची वाट शोधण्याच्या फंदात पडू नका. पुढे दृष्टीभय असलेला, म्हणजे बाजूला उघडी दरी असलेला टप्पा आहे आणि उजेड पुरेसा नाही, तर सपाट जागा बघून रात्र काढणं शहाणपणाचं. सोमवारची मीटिंग बुडेल. बुडू द्या.

वाट चुकल्यावर ओढ्याच्या कडेने उतरणं

जानेवारीत कोणीतरी नोंदवलेला जीपीएस ट्रॅक डाउनलोड करून सप्टेंबरात त्यावर चालायचं, हा आता सर्रास चालणारा प्रकार. जानेवारीत उघडी दिसणारी पायवाट सप्टेंबरात कमरेएवढ्या गवतात आणि कारवीत बुडालेली असते. शिवाय पठारांवर ढोरवाटांचं जाळं असतं. गुरं चरायला जातात तिकडे त्या वाटा जातात, आणि गुरांना गडावर काही काम नसतं. वाट छान मळलेली आहे, एवढ्यावर ती बरोबर ठरत नाही.

चुकलोय असं वाटलं की थांबा. जिथे खात्री होती त्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. चढण पुन्हा चढायला लागते म्हणून लोक हे टाळतात आणि 'खाली गेलं की गाव लागेलच' म्हणत एखाद्या ओढ्यात शिरतात. सपाट मुलखात ओढा गावाला नेत असेल. सह्याद्रीची पश्चिम बाजू तुटलेली आहे. घाटमाथ्यावरचा ओढा बरेचदा थेट कड्यावरून कोकणात पडतो. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, उन्हाळ्यात नुसता कोरडा कडा. एक टप्पा उडी मारून उतरलात, दुसरा घसरत उतरलात, तिसरा उतरताच येत नाही आणि मागचे दोन चढता येत नाहीत. माणसं अडकतात ती अशी.

अनोळखी घाटवाटेला पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्या. त्याचे पैसे आधी ठरवा आणि ठरले तेवढे पूर्ण द्या. अनुभवी ग्रुपना वाटाड्या घेणं कमीपणाचं वाटतं, त्याचं मला नवल वाटतं. ज्याची गुरं त्या रानात फिरतात, त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळणार ते कुठून?

अडकलातच तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कवरून हा फोन लागू शकतो. कॉल तुटत असेल तर मेसेज पाठवा, तो कमी रेंजमध्येही कधीकधी निघून जातो. पायथ्याचं गाव, कोणत्या वाटेने चढलात, किती जण, कोणाला काय लागलंय आणि बॅटरी किती उरलीय, एवढं सांगा. मग हलू नका. शोधायला येणारे, म्हणजे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीची यशवंती हायकर्स यांच्यासारख्या संस्थांची मुलं, तुमच्यासारखीच कामधंदा सांभाळून हे करतात. मध्यरात्री दोर घेऊन निघायचं आणि सकाळी दुकान उघडायचं, असं त्यांचं चाललेलं असतं.

सकाळचा ओढा संध्याकाळी तोच असेल असं धरून चालणं

पावसाळ्यात जाताना पोटरीपर्यंत पाणी होतं म्हणून येतानाही तेवढंच असेल, असं नसतं. वर घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस तुम्हाला दिसतही नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की लगेच बाहेर या, सामान नंतर बघू. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते उभे होते त्या जागी पाणी आधी इतकं नव्हतं. परतीच्या वाटेवर ओढा असेल आणि पाऊस लागलेला असेल, तर आधी ओढा ओलांडा, मग जेवा. वाढलेलं पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. पलीकडच्या गावात एक रात्र राहिलात तर कोणाचं काही जात नाही. सांदण दरीत, म्हणजे दोन कातळभिंतींमधल्या त्या अरुंद घळीत, पावसाळ्यात उतरू नये, हे तिथल्या साम्रद गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी दरवर्षी कोणीतरी 'थोडंसंच आत जाऊन येतो' म्हणतंच.

कपाटातले बूट

महागडे बूट घेतले, दोन हिमालयीन ट्रेक केले, मग जपून ठेवले. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, माळ्यावर. दोन-तीन वर्षांनी काढले तर वरून कोरे करकरीत. चढाईच्या पहिल्या तासात तळवा टाचेकडून उघडतो, दुपारपर्यंत चपलेसारखा फटफटायला लागतो, आणि बोटाने दाबलं तर आतला थर भुगा होऊन गळतो.

दुकानदाराने फसवलं असं नाही. बुटाचा वरचा भाग आणि तळवा यांच्या मधला मऊ थर अनेक बुटांत पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू विघटित होतो, आणि न वापरता कोंडून ठेवलेल्या बुटांत हे जास्त घडतं. मुंबई-कोकणातली हवा तर त्याला आमंत्रणच. म्हणून बूट उघड्यावर, हवेशीर ठेवा आणि अधूनमधून घालून फिरा. मोठ्या ट्रेकच्या आधी महिनाभर घालून एखादी टेकडी चढा. टाच मागे वाकवून बघा, फट दिसते का. फट दिसली तर मोच्याकडे नुसतं चिकटवून भागत नाही. आतला थर मेलेला असेल तर तो बूट गेला.

वाटेत तळवा निघाला तर? सॅकमध्ये जादाची नाडी आणि रुंद चिकटपट्टी असतेच, नसेल तर आजपासून ठेवा. नाडी तळव्याखालून घेऊन वर आवळून बांधायची, बुटाच्या पुढच्या भागाला एक, टाचेला एक. गाठ पावलाच्या वर, कडेला. दगडावर नाडी घासून तुटते, तेव्हा दर अर्ध्या तासाने बघत राहायचं.

भिजलेले बूट चुलीजवळ किंवा भर उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीनदा बदला. आणि एक खरं सांगायचं तर सह्याद्रीतल्या ओल्या, शेवाळलेल्या कातळावर दहा हजारांचा बूट घसरतो आणि ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट टिकतात, हे बघून अनेकांचा विश्वास उडाला आहे. गुळगुळीत झालेला तळवा मात्र कोणत्याही किमतीचा असला तरी बदला.

पाच दिवस खुर्ची, सहाव्या दिवशी तोरणा

उतरताना गुडघे दुखतात अशी तक्रार चाळिशीच्या पुढे सगळेच करतात. गुडघा बरेचदा बिचारा निर्दोष असतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन रोखून धरतात, आणि या कामाची त्यांना आठवडाभर सवय नसते. ते थकले की धक्का गुडघ्यावर येतो. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना मांड्या रडतात त्या याचमुळे.

आठवड्यातून दोनदा इमारतीचे जिने. चढायला लिफ्ट घेतली तरी चालेल, पण उतरायचं पायांनी, सावकाश. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी आहे. आतकरवाडीच्या वाटेने आठवड्यातून दोन-तीनदा सिंहगड करणारे साठीचे काका-काकू तुम्हाला मागे टाकून जातात, ते काही च्यवनप्राशामुळे नाही. उतरणीला काठी वापरा, पावलं लहान टाका. नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर अंगठा काळा पडतो. गुडघ्याला सूज आली, तो अडकला किंवा दगा देऊ लागला, तर मात्र पट्टा बांधून पुढच्या शनिवारी जाऊ नका, डॉक्टर गाठा.

पाणी, माश्या, साप

मार्चनंतर गडावरची टाकी आटतात, हे माहीत असूनही 'वर पाणी मिळेल' या भरवशावर लोक जातात. माणशी तीन-चार लिटर जवळ हवंच. घाम गळत असताना नुसतं पाणी ढोसून चक्कर जात नाही, मीठही लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते अर्ध्या बाटलीत कालवू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली सेंट, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता डोकं-तोंड कपड्यात गुंडाळून दूर पळा, नंतर नांग्या लगेच खरवडून काढा. श्वास लागला तर सरळ दवाखाना.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, यातलं काहीही करू नका. अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

रजा सहा दिवसांची म्हणून लेहला चौथ्या दिवशी खिंड

कळसूबाई 1646 मीटर. लेह शहरच साधारण 3500 मीटरवर. कळसूबाई धावत चढणारा माणूस विमानाने लेहला उतरला की त्याचा फिटनेस फार कामाला येत नाही. उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात आणि एचआरला ते कळत नाही. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. रजेत हे बसत नसेल तर कमी उंचीचा ट्रेक निवडा. डोकं दुखून मळमळतंय, तर वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. दुखणं लपवणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी पैसे भरलेले असतात.

रविवार रात्रीची गाडी

पहाटे चारला उठून दिवसभर चाललेला माणूस रात्री माळशेज घाट उतरवतो. कड्यावर दोर बांधणारे लोक इथे काहीच बांधत नाहीत. गाडी चालवणारा आधी ठरवा, त्याने दुपारी तासभर झोपायचं. नाहीतर दोघांनी आलटून पालटून. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा. गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही.

राजीनामा

'नोकरी सोडतो आणि लोकांना ट्रेकलाच घेऊन जातो' असं दरवर्षी काही जण म्हणतात, काही करतातही. करा, पण आधी हिशेब मांडा. काम पावसाळ्यात आणि थंडीत, एप्रिल-मे जवळजवळ मोकळा. तुमचे शनिवार-रविवार आता लोकांचे. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी लागते. आणि एक बारीक अक्षरातली गोष्ट: आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये गिर्यारोहणासारख्या साहसी प्रकारात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळलेला असतो. हौशी होतात तोवर ती अट तुम्हाला लागत नव्हती, लीडर झालात की लागू शकते. निघण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला किंवा तत्सम ठिकाणचा बेसिक कोर्स साधारण महिनाभराचा असतो. तो पगारी रजा हातात असतानाच करून घ्या.

पायथ्याचं जेवण

वीस जणांचं सांगायचं आणि तेरा जणांनी जायचं, हे फार चालतं. पायथ्याच्या घरातली मावशी पहाटेपासून भाकऱ्या थापत असते, पिठलं-ठेचा करून ठेवलेला असतो, दुधासाठी शेजारी सांगितलेलं असतं. सात ताटं उरतात आणि आपण 'अहो, ऐनवेळी रद्द झाले लोक' म्हणून तेरांचे पैसे देऊन निघतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन करून नक्की आकडा सांगा, आणि त्यानंतर कोणी गळालं तर त्याच्या ताटाचे पैसे त्याच्याकडून घेऊन तिला द्या. बॅचचे पैसे गोळा करतानाच हे सांगून टाकलं की नंतर वाद होत नाही.