वँकेल इंजिन विमानात बसवण्याआधी काय तपासाल

माझा भाचा खानापूरजवळ शेतातल्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान जोडतोय, आणि त्यासाठी त्याने आरएक्स-८ गाडीतलं माझदाचं १३बी इंजिन घेतलंय. हे वँकेल, म्हणजे रोटरी इंजिन: पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो. माझं वय बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, इंजिनं उघडण्यात गेलं, म्हणून तपासणी माझ्याकडे आली. असाच खटाटोप करणारे आणखी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हे इंजिन आतून साधं आहे. ६५४ सीसीचे दोन रोटर आणि एक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, कॅमशाफ्ट नाही. शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो, म्हणजे ६००० आरपीएमला रोटर फक्त २००० ने फिरतो. रोटरच्या टोकाचं सील तुटलं तरी बहुतेक वेळा ताकद उतरते आणि दुसरा रोटर चालू राहतो. बेंगळुरूच्या एनएएल आणि अहमदनगरच्या व्हीआरडीई या सरकारी संशोधन संस्थांनी तयार केलेलं ५५ हॉर्सपॉवरचं वँकेल २००९ मध्ये कोलारला निशांत विमानात उडालंय. पण निशांत मानवरहित होतं. आपल्या विमानात भाचा बसणार आहे. इंजिन हवेत बंद पडलंच, तर माझ्या मते ते पेट्रोल, वीज, पाणी, तेल नाहीतर गिअरबॉक्स यांच्यापायी पडेल. जास्त वेळ तिथे द्या.

तरी सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे रोटरची प्रत्येक बाजू हवा किती दाबते त्यापासून. साधा गेज लावलात तर तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो आणि मेलेली बाजू लपते. गेजमधला एकदिशा व्हॉल्व्ह काढा म्हणजे काटा तीन वेगळे ठोके देईल. रोटरीसाठीचा टेस्टर मिळाला तर उत्तमच. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि इग्निशन बंद. या इंजिनाला माझदाने २५० आरपीएमला दर चौरस सेंटिमीटरला किमान ६.९ किलो दाब धरलाय, आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंत दीड किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपण समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहोत. तिथला ६.९ इथे साधारण ६.३ दिसेल. तेवढ्यावरून चांगलं इंजिन भंगारात काढू नका. तीन ठोके सारखे असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता थंडावा. इथे घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. रोटर आतून तेलाने थंड होतो, त्यामुळे इंजिनातून काढून टाकायच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश तेल वाहून नेतं. तेलाचा कूलर पाण्याच्या रेडिएटरइतकाच गांभीर्याने घ्या. रोटरभोवतीचं घर ॲल्युमिनियमचं, दोन्ही बाजूंच्या प्लेटा ओतीव लोखंडाच्या. जास्त तापलं की ॲल्युमिनियम जास्त फुगतं, मधली पाण्याची सीलं दबतात, आणि थंड झाल्यावर पाणी आत झिरपू लागतं. एकदा बेफाम तापलेलं इंजिन नंतर कितीही गोड चाललं तरी उघडून बघितल्याशिवाय मी उडू देणार नाही. तेल आणि पाणी दोन्हीला १०० अंश ही आमची लक्ष्मणरेषा.

एप्रिलमध्ये सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीवर पारा ३५ ला असतो तेव्हा हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झालेली असते. ताकद कमी, थंडावाही कमी. म्हणून कूलिंगची परीक्षा उन्हाळ्यातल्या भर दुपारी घ्या. जुलैत, खानापूरच्या पावसात पास झालेला रेडिएटर काही सांगत नाही. डक्ट आणि रेडिएटरमधली प्रत्येक फट रबराने नाहीतर सिलिकॉनने बुजवा. फट राहिली तर हवा जाळीतून न जाता तिथूनच पळते.

पेट्रोल. आपल्या भागातले साखर कारखाने इथेनॉल काढतात आणि ते पंपावर २० टक्क्यांपर्यंत मिसळून मिळतं. साधे रबरी पाइप त्याने फुगतात. इथेनॉल सोसणाऱ्या एफकेएम रबराचे लावा. मिश्रणही जास्त दाट लागतं, म्हणून ट्यूनिंग शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७ धरून न करता लॅम्ब्डा (धुरातल्या ऑक्सिजनवरून कळणारं मिश्रणाचं माप) बघून करा. सीलांसाठी लिटरमागे ६ ते ८ मिली टू-स्ट्रोक तेल घालणार असाल तर आधी बाटलीत मिसळून रात्रभर ठेवा आणि तेल वेगळं होत नाही ना ते बघा. १६० हॉर्सपॉवरला तासाला ५५ ते ६० लिटर जातं. विमानाचं नाक चढणीइतकं वर करून, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून, पाइपाचं टोक बादलीत सोडा. मिनिटाला सव्वा लिटर यायलाच हवं, आणि दोन्ही पंपांनी वेगवेगळं.

वीज गेली की हे इंजिन थांबतं. पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिळून किती अँपिअर घेतात ते क्लॅम्प मीटरने मोजा. मग बॅटरीवर तेवढाच लोड देणारे हेडलाइटचे बल्ब लावा आणि १०.५ व्होल्टला यायला किती मिनिटं लागतात ते बघा. त्यातली अर्धीच मिनिटं तुमची समजा.

सायलेन्सर आणि पाइप स्टेनलेसचे. साध्या पत्र्याला हा धूर खातो. पेट्रोलची लाइन त्याच्या जवळून नेऊच नका.

इंजिनाचा वेग पंख्यासाठी कमी करणारा गिअरबॉक्स उद्यमबागेत होईल का, असं सगळे विचारतात. माउंट, ब्रॅकेट, डक्ट खुशाल इथे करा. २.८५ पट वेग उतरवणारा गिअर सेट मात्र ईएन८ या साध्या पोलादात कापून कुणी देत असेल तर हात जोडून नको म्हणा. केस-हार्डन केलेले, ग्राइंड केलेले दात हवेत, आणि पंख्याचा ओढा गिअरबॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगने घ्यायला हवा, इंजिनाच्या शाफ्टने नाही.

डीजीसीएचे, म्हणजे सरकारी विमान खात्याचे, कागद होईपर्यंत विमान साखळीनेच बांधलेलं राहील, तो वेळ जमिनीवर इंजिन चालवण्यात घालवा. पंख्यासमोर आणि बाजूला कुणालाही उभं करू नका. प्रत्येक तेलबदलीला फिल्टर कटरने कापा. आरीने कापलात तर आरीचाच चुरा दिसेल. कागदाच्या घड्या उलगडून चुंबक फिरवा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग, चुंबकाला चिकटलं तर गिअर नाहीतर लोखंडी भाग. टोकाच्या सीलांची झीज मात्र बहुतेक धुराबरोबर बाहेर जाते, फिल्टरमध्ये सापडत नाही. त्यासाठी पुन्हा गेज लावा आणि तीन ठोके मोजा.