पोट्टं दात घासत नाही? या चुका आपल्याच तर नाहीत ना, पाहा

सकाळचे साडेसहा. न्हाणीजवळ मी ब्रश धरून उभी आणि माझी पाच वर्षांची पोट्टी गोठ्यामागे दडलेली. "माय, तिखट लागते वं!" ती रोज ओरडायची, आणि मी रोज म्हणायची, "नाटकं नको करू." असे तीन-चार महिने गेले. एक दिवस, तिच्या ब्रशवर लावते तेवढीच पेस्ट मी नुसती जिभेवर धरली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बऱ्याच घरांतल्या भांडणाचं मूळ इथेच असतं. मोठ्यांच्या पेस्टमधला पुदिना आपल्याला ताजा वाटतो, लेकराला झोंबतो. त्यात आपण जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट लावतो. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी. गावच्या दुकानात मुलांची पेस्ट मिळत नसेल तर तीच तिखट पेस्ट आधी दाण्याएवढी लावा आणि बोटाने ब्रशच्या केसांत दाबून टाका. गोळा जिभेवर पडत नाही, मग झोंबणंही कमी होतं. आमच्या घरची निम्मी लढाई एवढ्यावरच मिटली.

पेस्ट मोजून द्यायला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पेस्टमध्ये फ्लोराइड नावाचा क्षार असतो, आणि यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातच तो जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. अशा गावात पोरगं गोड पेस्ट गिळत असेल तर त्यात भरच पडते. म्हणून ट्यूब पोराच्या हाती देऊच नका, आपणच लावून द्या आणि थुंकायला शिकवा.

याच पाण्यामुळे काही पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके नाहीतर तपकिरी पट्टे दिसतात. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पडलेले असतात, घासून जात नाहीत. पण घरात ते कोणाला माहीत असतं? आमच्या शेजारी आजी नातवाचे असेच दात चुलीच्या राखेने खसाखसा घासायची. "घास, घास, पांढरे होतीन." हिरडीतून रक्त आलं तरी हात थांबत नसे. ते पोरगं ब्रश नुसता दिसला तरी तोंड घट्ट मिटून घ्यायचं, आणि घरचे त्याला हट्टी म्हणायचे! राख, कोळसा, विटेचा भुगा यांनी दाताचं वरचं कडक आवरण झिजतं. निंबाची काडी मोठ्यांनी खुशाल चावावी. लेकराच्या हिरडीला मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रशच बरा.

मशेरी-गुडाखूबद्दल एवढंच सांगते: तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-दंतमंजनावर १९९२ सालीच बंदी आली, पण घरातल्या डबीवर कोण बंदी घालणार? आजी-आबाजी जे बोटाने दातांना लावतात, ते नातवंडं पाहत असतात. निदान त्यांच्यासमोर तरी नको.

आता दुसरी मोठी चूक. ब्रश हाती द्यायचा, "जा, घास" म्हणायचं आणि आपण चुलीकडे वळायचं. सात-आठ वर्षांपर्यंत पोराचा हात मागच्या दाढांवर नीट फिरत नाही. समोरचे चार दात ओले करून ते "झालं" म्हणतं. त्याला आधी घासू द्या, मग आपण फिरवा. समोर उभं राहून फिरवलं तर ते मान मागे घेतं, ब्रश टाळ्याला लागतो, उमासा येतो. आमच्याकडे बाज कामी आली. मी बाजेवर बसते, पोट्टी आडवी होऊन डोकं माझ्या मांडीवर टेकवते. वरून सगळं तोंड दिसतं, डाव्या हाताने ओठ बाजूला सारता येतो. ब्रश थोडा तिरपा, हिरडी आणि दात मिळतात तिथे, हलक्या हाताने गोल गोल. मी दाढा मोजते, ती चुकलं की ओरडते. दोन मिनिटं कधी जातात कळत नाही.

रात्रीचं घासणं तर आपण सोडूनच देतो. कापसाच्या वेच्याच्या दिवसांत वावरातून आल्यावर कोणाच्या अंगात त्राण असतं? पण झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांना चिकटलेलं बिस्किट रात्रीच जास्त नुकसान करतं. पेंगणाऱ्या पोराला उठवून घासायला लावाल तर रडारडच होणार. जेवणाची ताटं उचलली की लगेच उरका, आणि मग पाण्याशिवाय काही देऊ नका.

"दुधाचेच दात, पडतीलच" हे तर सगळेच म्हणतात. पुढचे पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे कायमची दाढ येते. एकही दात न पडता आल्यामुळे ती दुधाचीच वाटते.

"नाही घासले तर डॉक्टर दात उपटीन" ही धमकी तेवढी बंद करा. खरंच दाखवायची वेळ येते तेव्हा पोरगं दारातूनच पळतं.

आणि नीट घासणारं पोरगं अचानक नाही म्हणू लागलं, एकाच बाजूने जेवू लागलं, तर रागावण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात पाहा. तोंड आलेलं असेल, नवी दाढ वर येत असेल, नाहीतर दाढेत काळा खड्डा असेल. खड्ड्यात तंबाखूची चिमूट दाबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं, त्यात किडलेले दातही पाहतात. पुढची तारीख अंगणवाडीच्या ताईंना विचारून ठेवा. गालावर सूज किंवा ताप असेल तर मात्र त्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.