कॅमशाफ्टचं काम: नव्याने गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी

आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून गॅरेजला लागलेल्या पोरांना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जुना काढायचा नवा टाकायचा एवढंच वाटतं, गिऱ्हाईकालाही तेच वाटतं म्हणून तो विचारतो की एका पार्टला एवढं लेबर कसलं. पण दिवस जातो तो तिथपर्यंत पोचण्यात आणि परत टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडतील असा, बसवण्यात.

हात बसवायला मारुती ८०० चं जुनं इंजिन मस्त, ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि एकच कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट. टॅपेट कव्हर, टायमिंग बेल्ट, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, मग व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म आणि त्यांचे शाफ्ट एवढं सगळं निघालं की कॅमशाफ्ट डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने सरळ ओढून काढायचा. रॉकर ज्या नंबरचा त्याच नंबरने पुठ्ठ्यावर मांडून ठेवा. डबल कॅमच्या इंजिनात बहुतेक वेळा कॅमशाफ्टला वरून धरणाऱ्या कॅप असतात, त्यांचे बोल्ट बाहेरून आत थोडे थोडे ढिले करायचे आणि बसवताना मधून बाहेर टॉर्क रेंचने आवळायचे, कारण एकच बोल्ट आधी पूर्ण काढला तर व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने कॅमशाफ्ट कडकन तुटू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, कशामुळे झिजला हे शोधल्याशिवाय नवा कॅम बसवूच नका. बऱ्याचदा रॉकर शाफ्टमधली ऑइलची भोकं गाळाने बंद झालेली असतात, ती साफ नाही केली तर नवाही तसाच खाल्ला जाणार. खड्डे पडलेला रॉकर नव्या कॅमवर चालवायचा नाही, पैसे वाचवायची ही जागाच नाही. बसवताना लोबला आणि जर्नलला, म्हणजे कॅम जिथे टेकून फिरतो त्या गोल भागाला, असेम्ब्ली ल्युब किंवा निदान चांगलं ऑइल भरपूर लावा.

क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या शाफ्टचे, दोन फेरे तेव्हा कॅमचा एक, म्हणून कॅम पुलीला दुप्पट दाते असतात. दोन्ही पुलींचे टायमिंग मार्क जुळवून बेल्ट चढवला की लगेच स्टार्टर मारायचा नाही, पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि मार्क परत जुळतात का बघायचं, मध्ये कुठे अडला तर जोर लावू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. मग थंड इंजिनवर फीलर गेजने, म्हणजे जाडी मोजायच्या पत्त्यांनी, टॅपेट म्हणजे रॉकर-व्हॉल्व्हमधला गॅप सेट करायचा, तो किती ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

आणि बेल्ट, ऑइल सील, गॅस्केट, ऑइल फिल्टर यांचा खर्च इंजिन खोलायच्या आधीच सांगून ठेवा, जुना कॅम गिऱ्हाईकाच्या हातात द्या, झिजलेल्या लोबवर बोट फिरवू द्या. थोडी गाडी चालली की टॅपेट चेक करायला परत बोलवा, ते त्याच लेबरमध्ये धरायचं.