मल्चिंग पेपरवर रोटाव्हेटर फिरवू नका

टरबूज-खरबुजाचा तोडा संपला की खान्देशात एकच घाई असते: रोहिणीत रान मोकळं करून कपाशीला तयार ठेवायचं. ड्रिपच्या नळ्या जपून गुंडाळल्या जातात आणि बेडावर (गादीवाफ्यावर) अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरवर मात्र सरळ रोटाव्हेटर फिरतो. 'दुकानदार म्हणाला, कुजणारा आहे.' यावलपासून शहाद्यापर्यंत हेच ऐकायला मिळतं आणि पुढच्या हंगामात वखराच्या पासेला चिंध्या अडकतात.

पेपर आत्ताच उचला. वळवाची एक जोरदार सर झाली की काळी माती पेपरला धरून बसते. ओढला की फाटतो आणि कडा बेडातच राहतात.

खरा कुजणारा पेपर (बहुतेक पीबीएटी या कुजणाऱ्या प्लास्टिकचा) मातीतले जिवाणू आणि बुरशी खातात. त्याला ओल लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या कोरड्या ढेकळात हे काम जवळजवळ बंद असतं. युरोपच्या ईएन १७०३३ मानकाची अटसुद्धा दोन वर्षांत ९० टक्के विघटन अशी आहे, तेही प्रयोगशाळेतल्या २० ते २८ अंशांत. 'कंपोस्टेबल' छापलेला पेपर वेगळा. त्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपासच्या ओल्या कंपोस्टात होते, शेतात नाही. आणि स्वस्तातला 'आपोआप विरघळणारा' म्हणजे अनेकदा धातूचे क्षार मिसळलेलं साधं पॉलिथिन. उन्हात त्याचा पापडासारखा चुरा होतो, पण तो चुरा मातीतच राहतो.

माझा बांधावरचा ठोकताळा: बेडाची कड उकरून बघा. वरचा भाग ठिसूळ आणि गाडलेली कड कोरी करकरीत असेल, तर पेपर कुजणारा नाही. गाडलेल्या कडेला भोकं पडून ती विरत असेल, तर बहुधा खरा. तसा पेपर ओल असतानाच गाडा.

प्लास्टिक खाणारं औषध म्हणून महागडी बाटली कोणी दिली तर परत करा. वेस्ट डिकंपोजर हे जिवाणूंचं द्रावण (२०० लिटर पाणी, २ किलो गूळ) काडीकचरा कुजवायला ठीक आहे. पॉलिथिनला त्याने काही होत नाही.

बाकी कामं:
- वेल कापून बाहेर काढणे
- फावड्याने कडा मोकळ्या करून सकाळच्या गारव्यात पेपर गुंडाळणे. बांधावर जाळू नये
- नांगरट, वखरणी, शेणखत
- कोरडवाहू कपाशी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच

पुढच्या वेळी साधा पेपर घ्याल तर २५ मायक्रॉनच्या खाली जाऊ नका. पातळ पेपर अखंड निघत नाही, आणि दुकानदार तोच आधी पुढे करतो.